गाडी विकली, पण आरसीवर नाव तुमचंच! अपघात झाला तर भरपाई कोणाच्या खिशातून?

जुनी चारचाकी घेताना-विकताना 'टीटी फॉर्म'वर सह्या करून मोकळं होणाऱ्यांसाठी कामाची माहिती

उसाची बिलं खात्यावर पडायला लागली की करमाळा, माढा, मोहोळ, पंढरपूर पट्ट्यात जुन्या चारचाकींचा बाजार तेजीत येतो. पुणे-पिंपरीकडच्या एमएच १२, एमएच १४ नंबरच्या स्विफ्ट, वॅगनआर, ईको गावोगावी दिसायला लागतात. कोणाला पोरांच्या शाळेसाठी गाडी पाहिजे असते, कोणाला आईला दर महिन्याला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं असतं, तर कोणाला नुसतं भावकीत दाखवायला. नवी गाडी महाग पडते, मग दोन-तीन लाखांत मिळणारी जुनी बरी वाटते. त्यात चूक काहीच नाही.

व्यवहार होतो कसा? एजंट गाडी दारात आणतो. मेस्त्री बॉनेट उघडून कान लावतो. इसार दिला जातो, बाँड लिहिला जातो, चावी हातात पडते. विकणारा कोऱ्या टीटी फॉर्मवर दोन-चार सह्या ठोकतो आणि म्हणतो, "नाव तुम्ही सवडीनं करून घ्या, भाऊ." पेढे वाटले जातात. ही सवड पुढं कधी येतच नाही. आरटीओचा हेलपाटा नको, एजंटाचे पैसे नकोत, "गाडी तर आपल्याच दारात हाय की" असं म्हणत वर्ष निघून जातं. तोवर घेणाराच ती गाडी तिसऱ्याला विकतो. तेही त्याच जुन्या फॉर्मवर.

या सवडीची किंमत किती असते, हे विकणाऱ्याला आधी कळायला पाहिजे. कारण सगळ्यात जास्त तोच अडकतो.

कायद्याच्या भाषेत मालक कोण?

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मालक' या शब्दाचा अर्थ दिलेला आहे. ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे, तो मालक. पैसे कोणी दिले, गाडी कोणाच्या गोठ्यापुढं उभी असते, डिझेल कोण टाकतो, हे तिथं बघितलं जात नाही. फायनान्सवरच्या गाडीसाठी थोडा वेगळा नियम आहे, पण बाकी हिशोब सरळ आहे. आरसीवर नाव ज्याचं, जबाबदारी त्याची.

समजा, माढा तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं आपली जुनी बोलेरो बाँडवर विकली. घेणाऱ्यानं वर्षभर वापरून ती बार्शीच्या एजंटाला दिली, एजंटानं लातूरकडं पाठवली. मधल्या काळात विमा संपला, तो कोणी भरला नाही. एका रात्री त्या गाडीनं दुचाकीला उडवलं आणि दुचाकीवरचा माणूस गेला. पोलीस नंबरवरून मालक शोधतात. नाव निघतं माढ्याच्या शेतकऱ्याचं. मृताच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात, तर दाव्यातही नाव त्याचंच. बिचाऱ्यानं ती गाडी तीन वर्षांत डोळ्यानं बघितलेली नसते, आणि पोस्टमन कोर्टाची नोटीस घेऊन दारात उभा असतो.

हे नुसतं समजा नाही. असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. उत्तरेतली एक कार पहिल्या मालकानं विकली, तिथून ती दुसऱ्याकडं, तिसऱ्याकडं असं करत चौथ्या माणसाच्या हातात गेली. मे २००९ मध्ये तिचा अपघात होऊन जीव गेला. आरसीवर तेव्हाही पहिल्याचंच नाव होतं. उच्च न्यायालयानं जबाबदारी शेवटच्या माणसावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये ते फिरवलं आणि नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं. अपघातात ज्याचं माणूस गेलं, त्यानं गाडी कोणी कोणाला विकली याची साखळी शोधत फिरायचं का, असा त्यामागचा विचार. भरपाई मागणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर तो पटतोही. पण ज्यानं गाडी विकून पैसे कधीच खर्च करून टाकले, त्याच्यासाठी तो डोंगर आहे.

भरपाई भरली नाही तर काय होणार, असंही काही जण विचारतात. याच कायद्याच्या कलम १७४ नुसार न्यायाधिकरण वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवू शकतं आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. विकलेल्या गाडीपायी तहसील कचेरीची वाट जमिनीपर्यंत येते.

गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई साधारणपणे कंपनी देते, हे खरं. पण विकून टाकलेल्या गाडीचा विमा घेणारा दरवर्षी भरतोय का, हे विकणारा कधी बघतो?

मग बाँडचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. बाँड हा देणारा आणि घेणारा या दोघांमधला करार. पैसे अडकले, गाडी परत मागितली, भांडण झालं तर तो दाखवता येतो. अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, अशी पोलिसांची नोटीस आली तर गाडी कोणाला, कधी, किती वाजता दिली हे सांगायलाही तो कामी येतो. कायद्यानं ही माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे. म्हणून बाँड कराच. त्यावर तारखेबरोबर गाडी ताब्यात दिल्याची वेळ लिहा, दोघांच्या आधारची झेरॉक्स लावा, दोन साक्षीदार घ्या. पण ज्याचं माणूस गेलं त्याच्या दाव्यापुढं बाँड ढाल होत नाही. आरटीओच्या नोंदीतलं नाव त्यानं बदलत नाही.

नाव बदलण्यासाठी फॉर्म नंबर २९ आणि ३० लागतात. आपल्याकडं यांनाच टीटी फॉर्म म्हणतात. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्यानं आरटीओला द्यायची सूचना, की मी गाडी अमक्याला दिली. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर ही सूचना १४ दिवसांच्या आत द्यायची असते. फॉर्म ३० हा नाव बदलून घ्यायचा अर्ज, आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांच्या आत करायचं काम ते. बहुतेकांना वाटतं की सगळं काम घेणाऱ्याचंच. कलम ५० मात्र दोघांवरही जबाबदारी टाकतं, आणि विकणाऱ्याची मुदत आधी संपते. कोरे फॉर्म सही करून देणं म्हणजे कोरा चेक देण्यासारखं आहे. त्यावर कोणाचं नाव आणि कोणती तारीख पडेल, हे विकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आता बरंचसं काम 'परिवहन'च्या वेबसाईटवरून होतं. आधारवर ओटीपी येतो, त्यासाठी मोबाईल नंबर आधारला आणि गाडीच्या नोंदीलाही जोडलेला पाहिजे. गावाकडं इथंच घोडं अडतं. गाडी घेताना दिलेलं सिमकार्ड पाच वर्षांपूर्वीच बंद पडलेलं असतं. म्हणून गाडी विकायची ठरली की इसार घ्यायच्या आधी मोबाईल नंबर बदलून घ्यावा. सोलापूरला नाहीतर अकलूजला जावंच लागलं, तरी एका दिवसाचं काम आहे. नाव बदलायची सरकारी फी काही शेकड्यांत असते, वरचे जातात ते एजंटाला.

सगळ्यात साधा आणि रोखठोक उपाय गावातले काही जाणते आधीपासून करतात. व्यवहारातले पंधरा-वीस हजार मागं ठेवायचे. नवीन आरसी दाखवली की ते हिशोबात मिटवायचे. घेणारा पक्का असेल तर त्याला राग येत नाही. राग आला तर समजून घ्यावं, की ही गाडी तो नावावर करणारच नाही.

एजंटाला किंवा जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला गाडी देताना वेगळी सोय आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नवीन नियमांनुसार आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेला डीलर असतो. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सी वर ऑनलाईन दिली, की पुढं गाडी विकेपर्यंत तोच मालक मानला जातो. हायवेला पत्र्याचं शेड टाकून बसलेल्या प्रत्येकाकडं हे अधिकारपत्र असतंच असं नाही. विचारायला लाजू नये.

घेणाऱ्यानं विम्याकडं बघावं

घेणारा बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, "इन्शुरन्स चालू हाय का?" हो म्हटलं की विषय संपला. इथं दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान झालं तर. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र अनेक जण पहिल्या वर्षानंतर भरत नाहीत. अशी दोन-अडीच वर्षांची गाडी घेतली तर मोबाईलवर विमा 'चालू' दिसतो. तो फक्त थर्ड पार्टी असतो. गाडी झाडावर आदळली तर कंपनी एक रुपया देत नाही. म्हणून पॉलिसीचा कागद हातात घेऊन वाचावा, नुसतं ॲपवरचं हिरवं अक्षर बघू नये.

दुसरी मेख नावाची. गाडी विकली की जुन्या मालकाचा थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर घेणाऱ्याकडं आपोआप आला असं कायदा मानतो. पण पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी घेणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत कंपनीकडं अर्ज करायचा असतो. तो केला नाही तर ओन डॅमेजचा दावा अडकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या एका निकालात नेमकं हेच झालं. आरसीवर नाव बदललं होतं, पॉलिसीवर नव्हतं, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा टिकला नाही. म्हणजे आरटीओचं काम झालं तरी अर्धंच झालं. विमा कंपनीचं काम वेगळं.

जुन्या मालकाचा एनसीबी, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, तीही गाडीबरोबर येत नाही. ती २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असते आणि माणसाची असते, गाडीची नाही. विकणाऱ्यानं कंपनीकडून तसा दाखला घेतला तर तो आपल्या पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत वापरू शकतो. हजारो रुपयांची ही सूट गावाकडं कितीतरी जण माहीत नसल्यानं सोडून देतात. घेणाऱ्याच्या बाजूनं धोका असा, की पॉलिसीवर नाव बदलताना एनसीबीचा फरक भरायचा राहिला, तर दाव्याच्या वेळी कंपनीला वाद घालायला जागा मिळते.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पॉलिसीबरोबर मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला जातो. त्याचा फायदा मिळतो तो पॉलिसीवर नाव असलेल्या नोंदणीकृत मालकाला, आणि त्याच्याकडं चालू लायसन्स असेल तर. गाडी दुसऱ्याच्या नावावर ठेवून चालवणारा माणूस अपघातात गेला, तर त्याच्या बायकापोरांना या १५ लाखांवर हक्क सांगता येत नाही. हप्ता कोणीही भरलेला असो.

पांढऱ्या नंबर प्लेटची ईको घेऊन वडाप करणाऱ्यांनीही पॉलिसीतली एक ओळ वाचावी. खासगी गाडीची पॉलिसी भाड्यानं वापरण्यासाठी नसते. आठवडी बाजाराला दहा माणसं कोंबून नेताना गाडी उलटली, तर कंपनी हात वर करायला मोकळी. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडं पाहिजे, आणि सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी.

नुसता थर्ड पार्टी घ्यायचा तर दर केंद्र सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरानुसार १००० सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये, कर वेगळा. विमा नसताना गाडी पकडली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. दंडाच्या आकड्याला कोणी फार घाबरत नाही. घाबरायचं ते वर सांगितलेल्या वसुलीला.

गाडी बघताना

मेस्त्री बरोबर न्यावा, पण एजंटाचा नको. गाडी सकाळी थंड असताना चालू करायला लावावी. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले आजार लपवते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम जवळ आलंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसला, तर पाणी ऑइलमध्ये जातंय. अशा गाडीला हात जोडावेत. टायरवर चार आकडी शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. चार टायर बदलायचे म्हटले तरी पंधरा-वीस हजारांची फोडणी, तेव्हा भाव करताना हे बघावं.

पुरातून निघालेली गाडी मात्र भल्याभल्यांना फसवते. २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून, नवे सीट कव्हर घालून लांबच्या जिल्ह्यात विकल्या जातात. वरून चकाचक दिसतात. ओळखायचं तर सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. मॅट उचलून खालचा पत्रा बघावा, सीटचे नटबोल्ट गंजलेले आहेत का ते बघावं. काचा बंद करून दहा मिनिटं आत बसावं, कुबट वास येतोच. अशा गाडीचं वायरिंग पुढं वर्षभर एकेक करून जातं. कधी पॉवर विंडो, कधी सेन्सर, आणि शेवटी भर रस्त्यात बंद. गॅरेजवाल्यालाही मग सापडत नाही.

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर सातबारासारखंच समजावं. बोजा उतरल्याशिवाय सौदा नाही. त्यासाठी बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. "हप्ते संपलेत, फक्त कागद यायचाय" यावर विश्वास ठेवून पूर्ण पैसे देऊ नयेत. ई-चलनही त्याच दिवशी तपासावं, पुण्याच्या गाड्यांवर सिग्नलचे पाच-सात हजार सहज निघतात.

मंगळवेढा, अक्कलकोट भागात केए २८, केए ३२ नंबरच्या गाड्या स्वस्तात मिळतात. त्या स्वस्त का, याचं एक कारण कर. कर्नाटकची गाडी कायमची इकडं ठेवायची तर तिथली एनओसी आणून इथं कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो. तो खर्च धरला तर बऱ्याचदा स्वस्ताई उरत नाही.

पंधरा वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीचंही तसंच. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर आणि गाडी पास करून घेण्याचा खर्च. साठ हजारांना मिळालेली २०११ ची गाडी म्हणूनच साठ हजारांत पडत नाही.

वडील गेले, गाडी त्यांच्याच नावावर

हा प्रकार तर घरोघरी आहे. वडील वारले की वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं लगेच जातात, बँकेत जातात. दारातली गाडी मात्र तशीच वापरात राहते, आणि विम्याचा हप्ताही वडिलांच्याच नावानं ऑनलाईन भरला जातो. हप्ता स्वीकारला म्हणजे विमा झाला, असं पोरांना वाटतं. पॉलिसीच्या अटीनुसार मालक वारल्यानंतर विमा तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच चालू राहतो. तेवढ्या वेळात वारसानं पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते.

आरटीओला मालक वारल्याची माहिती ३० दिवसांत आणि नाव बदलण्याचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचे कागद आणि बाकी भावाबहिणींची संमती लागते. ही संमती गाडी विकायला काढल्यावर मागितली तर हिश्शाचा विषय निघतो. म्हणून बहुतेक आरटीओ एजंटही सांगतात, की बाराव्या-तेराव्याला सगळे घरात असतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवा.